काऊ लाऊ वाढून होईपर्यंत

आज चांद्रमासातली चौदावी रात्र, आपल्या हिशेबाने चतुर्दशी. होई आनच्या जुन्या पेठेत आज विजेचे दिवे मालवतात आणि कंदील लावतात. १९९८ पासूनचा हा रिवाज. तुम्ही नेमके आजच येऊन पोहोचला आहात. दा नांगच्या विमानतळावरून टॅक्सीने पाऊण तासात आलात, खोलीवर बॅगा टाकल्या आणि नदीकाठ गाठलात. तिथे पाय ठेवायला जागा नाही. पाण्यात सोडायचे कागदी दिवे विकणाऱ्या बायका, होडीत बसा म्हणून मागे लागणारे नावाडी, एकमेकांचे फोटो काढणारी जोडपी, आणि दर चार पावलांवर चोवीस तासांत सूट शिवून देणारा शिंपी. सुंदर आहे, यात शंका नाही. पण आहे ती जत्राच.

भूक लागलीय. व्हिएतनामी भाषेतला एक शब्द तुम्ही विमानात पाठ केलाय: 'चाय', म्हणजे शाकाहारी जेवण. पौर्णिमेला आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी इथले पुष्कळ लोक मांस वर्ज्य करतात, त्यामुळे आज-उद्या ही पाटी जागोजागी दिसते. तुमच्या सोबतच्या काकांना हे ठाऊक नाही. त्यांनी मघाशीच एका दुकानात दोन बोटं दाखवून 'चाय, चाय, बिनसाखरेचा' असं बजावलं, आणि आता समोर आलेल्या टोफूच्या दोन बशांकडे ते एकटक बघत बसले आहेत.

तुम्ही मात्र पुलाजवळच्या एका गाडीपाशी थांबता. गाडीमागच्या बाईंना हाक काय मारायची? इथे सगळ्यांना चालेल असा 'तुम्ही' वापरात नाही. समोरच्याचं वय बघून नातं ठरवायचं: दादा, ताई, धाकटं भावंड, आजी. या पन्नाशीच्या बाईंसाठी शब्द आहे 'को', म्हणजे आत्या. मावशीला निराळा शब्द आहे. इंग्रजीने एका 'आंटी'त कोंबलेली ही दोन नाती इथे आपल्यासारखीच वेगवेगळी नांदतात. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, हे आत्या म्हणतात, एवढाच काय तो फरक.

आत्याच्या गाडीवर एकच पदार्थ आहे, काऊ लाऊ. हा होई आनचा, आणि होई आनबाहेर जमत नाही असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. जाडसर, पिवळट-करड्या तांदळाच्या शेवया, वर डुकराच्या मांसाच्या चकत्या (तुमच्यासाठी टोफू आणि अळंबी), जवळच्या त्रा क्वे गावची कोवळी पालेभाजी, तळलेले कुरकुरीत तुकडे, आणि तळाशी जेमतेम दोन पळ्या रस्सा. शेवयांचं पीठ राखेच्या निवळीत भिजवतात. आपण पापडात पापडखार घालतो, तीच ही करामत. राख समोरच्या समुद्रातल्या कू लाव चाम बेटांवरच्या लाकडाची हवी आणि पाणी बा ले नावाच्या एका जुन्या विहिरीचं, असा जाणत्यांचा आग्रह.

आत्या चार बोटं दाखवते: तुमच्या पुढे चार जण आहेत. मग हनुवटीने पुलाकडे खूण करते. तोवर बघून ये.

पूल लहानसा आहे, अठरा मीटरचा. वर कौलारू छप्पर, मध्ये एका बाजूला छोटं देऊळ. म्हणूनच याला चुआ काऊ म्हणतात: देऊळ-पूल. जवळजवळ दोन वर्षं दुरुस्ती चालली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा उघडला, तेव्हा फारच नवा दिसतो म्हणून इथल्या लोकांनी समाजमाध्यमांवर गहजब केला. एका टोकाला माकडांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला कुत्र्यांच्या. बांधकाम माकडाच्या वर्षी सुरू झालं आणि कुत्र्याच्या वर्षी संपलं, असं सांगतात. सरकारी कंत्राटाच्या मानाने ठीकच म्हणायचं.

पण या पुलाची खरी गोष्ट त्याच्या खाली आहे. जपानी लोकांचा समज असा, की पृथ्वीच्या पोटात एक अवाढव्य जलचर पसरलेला आहे. त्याचं शेपूट जपानात, पाठ इथे, होई आनमध्ये, आणि डोकं भारतात. तो वळवळला की जपानात भूकंप होतो. म्हणून इथल्या जपानी व्यापाऱ्यांनी त्याच्या नेमक्या पाठीवर पूल बांधला. पूल म्हणजे त्याच्या मणक्यात रोवलेली तलवार. आपला शेष फणा हलवतो, यांचा मासा शेपूट हलवतो. डोकं आपल्याकडे आहे हे मात्र आपल्याला कुणी कळवलं नव्हतं. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला ते हललं असावं.

तुम्ही माकडांच्या बाजूने पुलावर चढता. फळ्या पायाखाली करकरतात. मध्यावर उदबत्तीचा वास येतो. कुत्र्यांच्या बाजूने उतरता, आणि जत्रा गायब झालेली असते.

१९८५ साल आहे. अंधार आजच्यासारखा हौसेचा नाही, वीजच नाहीये. पिवळ्या भिंतींवर शेवाळ चढलंय, कौलांतून गवत उगवलंय. रस्त्यावर दोन सायकली आणि एक कुत्रा. रेशनच्या कुपनांवर तांदूळ मिळण्याचे हे दिवस. रॉकेलच्या रांगा पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. एका ओसरीवर चार माणसं कंदिलाभोवती बसून एका उंच गोऱ्या माणसाचं बोलणं ऐकत आहेत. हा काझिमिएझ क्विआतकोव्स्की, पोलंडचा वास्तुतज्ज्ञ. इथे सगळे त्याला काझिक म्हणतात. १९८१ पासून तो इथून चाळीसेक किलोमीटरवरच्या मी सॉनच्या देवळांची डागडुजी करतोय. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी बॉम्बनी त्यांच्या ठिकऱ्या उडवल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी इथे येतो, आणि ही पडकी घरं पाडू नका, हीच तुमची पुंजी आहे, असं पोटतिडकीने पटवतो. याच वर्षी सरकारने जुन्या पेठेला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिलाय. युनेस्कोची मोहोर १९९९ मध्ये उमटेल. ती बघायला काझिक नसेल. तो १९९७ मध्ये हुए शहरात वारेल. आज पेठेत त्याचा अर्धपुतळा आहे. मघाशी तुम्ही त्याच्याच शेजारी उभं राहून सेल्फी काढलात आणि हा कोण, असं विचारायचं राहून गेलं.

पुन्हा माकडं, पुन्हा कुत्री. या वेळी उतरायला पायरीच नाही.

नोव्हेंबर १९६४. पाणी छताला भिडायला आलंय. एक म्हातारा नावाडी तुम्हाला काखेत धरून होडीत ओढतो आणि काही न विचारता वल्हवू लागतो. ज्या गल्लीतून तुम्ही चालत आलात तिच्यातून तुम्ही आता वाहत चालला आहात, दुकानांच्या पाट्यांच्या उंचीवरून. दारांच्या चौकटींवर लाकडात कोरलेले दोन-दोन गोल डोळे असतात, घराची राखण करणारे. ते एकेक करून पाण्याखाली जाताना दिसतात.

होडी एका घराच्या वरच्या मजल्याशी लागते. आत सगळं कुटुंब वर चढलेलं आहे. जमिनीच्या मधोमध जाळीची झडप आहे. तिच्यातून दोन पोरं दोरीने वस्तू वर ओढून घेताहेत. आधी पूर्वजांच्या पाट्या आल्या, मग तांदळाची पोती, मग शिलाई मशीन. सगळ्यात शेवटी एक ओरडणारी कोंबडी. कुणी घाबरून रडत नाहीये. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बॉन नदी घरात येते, म्हणून घरंच तशी बांधली आहेत: फणसाच्या लाकडाचे खांब दगडी बैठकीवर, माल वर चढवायला झडप, नदीकडे आणि रस्त्याकडे अशी दोन दारं. पण हे पाणी नेहमीचं नाही. ड्रॅगनच्या वर्षाचा हा पूर इथे नातवंडांनाही माहीत असेल. साऱ्या क्वांग नाम प्रांतात हजारो माणसं जाताहेत. घरातली आजी भिंतीपाशी जाते आणि पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण करते. उद्या तुम्ही गाइडबरोबर तान की नावाच्या जुन्या घरात जाल तेव्हा भिंतीवर वर्षावर्षांच्या अशा खुणा दिसतील. १९६४ ची बघायला मान वर करावी लागेल. आणखी चार महिन्यांनी दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकी मरीन उतरणार आहेत. आजीला ते ठाऊक नाही. ती कोंबडीचे पाय बांधतेय.

इथून पुढे, म्हणजे मागे, तुम्ही भराभर जाता. एकोणिसाव्या शतकात बघण्यासारखं फारसं काही घडत नाही, आणि तेच या गावाचं नशीब. नदीचं मुख गाळाने भरत चाललंय. मोठी जहाजं आत येईनात, वाफेची तर नाहीच. फ्रेंचांनी १८८८ मध्ये दा नांग आपल्या ताब्यात घेतलं, त्याला तुरान हे नाव दिलं, आणि धंदा तिकडे सरकला. दाभोळ आणि चौल ज्यांनी पाहिलंय त्यांना ही कहाणी नवी नाही. फरक इतकाच की चौलचे वाडे पडले आणि होई आनची घरं उभी राहिली. पाडून नवी बांधायला पैसा कुणाकडे होता? तुम्ही मात्र उलटे चालला आहात, त्यामुळे दर खेपेला पुलावरून बघताना गाळ कमी झालेला असतो आणि नदी हातभर रुंद.

१६९५. एकच लांबलचक रस्ता, नदीला समांतर, दोन्ही बाजूंना दुकानं. बहुतेक मालक फुजियानचे चिनी. चीनमध्ये मांचूंचं राज्य येऊन अर्धशतक झालं, तरी हे लोक मिंग राजवटीचाच पोशाख अंगावर वागवतात. दाशान नावाचा एक चिनी भिक्षू याच वर्षी इथल्या न्युएन सरदाराचा पाहुणा म्हणून आलाय आणि दिसेल ते टिपून घेतोय. इथे व्यापार बायका करतात, असं तो लिहील. इथे येणारा परदेशी धंदा सोपा जावा म्हणून आधी लग्न करतो. खरंच, गल्ल्यावर पुरुष दिसत नाही. तराजू बाईच्या हातात, नवरा मागे हिशेब लिहितोय. आत्याची पणजी-खापरपणजी यांतलीच कुणी असेल, असं तुम्हाला उगाच वाटून जातं.

वाटेत १६७४ लागतं. तुम्ही क्षणभर थबकता, कारण आत्ता रायगडावर काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. आणि तुमच्या घरच्या ग्रुपवर दर शिवजयंतीला येणारा तो निरोपही आठवतो: व्हिएतनामने महाराजांचा गनिमी कावा शिकून अमेरिकेला हरवलं, तिथल्या नेत्याने तसं सांगितलं वगैरे. त्याला आधार कुणी आजवर दाखवलेला नाही. आपल्या आणि या भूमीच्या नात्याला असल्या टेकूची गरजही नाही. थोडं आणखी मागे चला.

१६४७. पूल ओलांडून तुम्ही गावाबाहेर भातशेतांत येता. बांधावर एक नवी कबर आहे, चुन्याने लिंपलेली, घोड्याच्या नालासारखी. तानी याजिरोबेइ, जपानी व्यापारी. त्याचं तोंड ईशान्येला केलंय, जपानच्या दिशेने. १६३५ मध्ये जपानच्या शोगुनने फर्मान काढलं: कुणी देशाबाहेर जायचं नाही, आणि जे बाहेर आहेत त्यांनी परत यायचं नाही. ज्यांनी पुलाखालच्या माशाला घरचा भूकंप टळावा म्हणून डांबून ठेवलं, त्यांनाच ते घर बंद झालं. या तानीची गोष्ट गावात अशी सांगतात, की तो निघाला होता, पण इथल्या एका मुलीसाठी परत फिरला. असेलही. कबरीभोवती रोपं लावणारे हात थांबत नाहीत, बेडूक ओरडताहेत. तुमच्या खिशात परतीचं तिकीट आहे, हे तुम्ही एकदा चाचपून बघता.

१६२५. आता नदी खाडीसारखी पसरलीय आणि डोलकाठ्यांचं रान उभं आहे. युरोपियन लोक या बंदराला फायफो म्हणतात. तीन वर्षांपूर्वीपर्यंत इथे असलेला बोर्री नावाचा इटालियन जेझुइट पुढे आपल्या पुस्तकात नोंदवेल की हे एक नाही, दोन गावं आहेत: एक चिन्यांचं, एक जपान्यांचं, दोघांचे मुख्य वेगळे आणि कायदेही वेगळे. सगळा कारभार वाऱ्यावर चालतो. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून जपानी आणि चिनी गलबतं खाली येतात, उन्हाळाभर बाजार भरतो, आणि नैर्ऋत्येचा वारा फिरला की परत जातात. नारळी पौर्णिमेशिवाय समुद्र उघडत नाही हे ज्या किनाऱ्याला ठाऊक आहे, तिथल्या माणसाला हे वेळापत्रक समजतं. मधले महिने करायचं काय? घर भाड्याने घ्यायचं, संसार मांडायचा, पूल बांधायचा. आराकी सोतारो नावाच्या नागासाकीच्या व्यापाऱ्याला तर न्युएन घराण्याने मुलगी दिली. तो तिला घेऊन गेला. नागासाकीच्या उत्सवात त्यांची वरात अजून निघते.

बाजारात चला. जपान्यांनी चांदी आणि तांब्याची नाणी आणली आहेत, मधोमध चौकोनी भोक पाडलेली. दोरीत ओवून खांद्यावर टाकलेल्या माळा खुळखुळतात. चिन्यांची मातीची भांडी गवतात गुंडाळलेली. इथला माल म्हणजे कच्चं रेशीम, साखर, दालचिनी, मिरी. एका पडवीत पाकोळ्यांची घरटी विकायला आहेत, बेटांवरच्या कड्यांतून उतरवलेली. सार करून पितात. तुम्ही ती हातात घेऊन ठेवून देता. मग एक म्हातारा लाकडाचा काळपट तुकडा निखाऱ्यावर धरतो आणि सगळी पडवी दरवळते. अगरू. वास ओळखीचा आहे, घरच्या देवघरातला, पण तिथल्या उदबत्तीत याचा फक्त भास असतो.

पडवीच्या टोकाला एक काळ्या झग्यातला फ्रेंच बसलाय, तिशीतला. अलेक्झांडर द ऱ्होड. समोर दहा-बारा वर्षांचा स्थानिक मुलगा. मुलगा म्हणतो, 'मा'. पाद्री म्हणतो, 'मा'. मुलगा हसून मान हलवतो: नाही, हे भूत झालं. स्वर थोडा वर: आई. खाली ओढला: पण. तोडून: भाताचं रोप. कबर आणि घोडा अजून बाकी आहेत. पाद्र्याला ही भाषा आधी पाखरांच्या किलबिलाटासारखी वाटली होती. तीन आठवड्यांत हा मुलगा त्याच्या कानाला वळण लावेल. जवळच थान चिएमला फ्रान्सिस्को द पिना हा पोर्तुगीज पाद्री हीच भाषा रोमन अक्षरांत बसवायच्या खटपटीत आहे. १६५१ मध्ये ऱ्होडचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश रोममध्ये छापला जाईल. आज होई आनच्या प्रत्येक पाटीवर जी चिन्हांनी लगडलेली अक्षरं दिसतात, त्यांचा उगम या पडवीत आणि अशाच आणखी चार पडव्यांत आहे.

तुम्ही त्याला विचारलंत, इकडे येण्याआधी कुठे होता? तर तो सांगेल: गोव्यात, साष्टीत. तो १६१९ मध्ये गोव्याला उतरला आणि दोनेक वर्षं तिथे राहिला. त्याच्या तीनच वर्षं आधी साष्टीतल्या राशोलला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापून झालं होतं: मराठी ओव्या, रोमन लिपीत. ऱ्होड आला त्याच वर्षी स्टीफन्स वारला. एकाच जेझुइट संघाची माणसं, एकच युक्ती: परक्याची जीभ आपल्या अक्षरांत पकडायची. आपल्याकडे ती पुस्तकापुरती राहिली आणि मोडी-बाळबोध चालू राहिल्या. इथे साऱ्या देशाने ती लिपी उचलली. निरोपातल्या गनिमी काव्यापेक्षा मला तरी हे नातं जास्त चकित करतं.

आणखी एक खेप. माकडांच्या बाजूने चढायला जाता तर माकडं नाहीत. पूलही नाही. गुडघाभर पाण्यातून तुम्ही काठाला लागता.

नववं शतक. जपानी नाहीत, चिनी पेठ नाही, व्हिएतनामी भाषाही अजून इतक्या दक्षिणेला पोहोचलेली नाही. हा चंपा देश, बोलणारे चाम. या भागाचं नाव अमरावती आहे. विदर्भातल्या माणसाने दचकू नये. नदीच्या वरच्या अंगाला सिंहपूर, त्याच्या पलीकडे डोंगरांच्या वाटीत मी सॉन. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा राजाने तिथे शिवलिंग स्थापलं आणि स्वतःच्या नावावरून त्याला भद्रेश्वर म्हटलं. ते लाकडी देऊळ जळालं, तेव्हा शंभुवर्म्याने विटांचं बांधलं आणि देवाच्या नावात आपलंही जोडलं: शंभुभद्रेश्वर. शिलालेख संस्कृतात. या शतकातलं एक अखंड दगडी शिवलिंग मातीखाली जाईल ते २०२० च्या मे महिन्यात, भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे दुरुस्ती करत असताना, पुन्हा वर येईल.

काठावर अरबांचं गलबत लागलंय. ते या देशाला सन्फ म्हणतात, आणि इथल्या अगरूला सन्फी. खलाशी पखाली घेऊन उतरले आहेत, कारण समुद्रावरच्या माणसाला अगरूच्या आधी गोडं पाणी लागतं. ते एका विहिरीशी रांग लावतात. विहीर चौकोनी, विटांची, विटांतली सांध दिसत नाही इतकी घट्ट. पोहऱ्याला हात लावायला तुमचा नंबर येतो. एक चाम बाई तुमच्या ओंजळीत पाणी ओतते. गार आहे, किंचित तुरट. तुम्ही डोळे मिटून पिता.

'एम ओय!'

म्हणजे, अगं, अरे, धाकट्या. आत्या हाक मारतेय. भोवती कंदील, गर्दी, होडीवाल्यांचा कालवा. चौथं गिऱ्हाईक उठून गेलंय आणि प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलासमोर तुमचा वाडगा ठेवलाय. तुम्ही बूट काढून त्यातलं पाणी झटकता. आत्या बघून न बघितल्यासारखं करते. शेवयांना चांगला चावा आहे, खारवलेल्या पिठाचा तो ओळखीचा दडसपणा. तळाचा रस्सा वर घेऊन सगळं कालवायचं असतं, हे ती हातवाऱ्यांनी सांगते. वरचे तुकडे अजून कुरकुरीत आहेत.

पैसे देताना खिशातून वीस हजारांच्या दोन नोटा निघतात. मागच्या बाजूला पूल छापलेला. आत्या त्या कंदिलाच्या उजेडात धरते, पाहते आणि म्हणते, ओल्या आहेत.